सी भाषेतून थेट पॅरलल पोर्टवर: डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालवण्याचे पहिले धडे

औषधांच्या दुकानात, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, पतसंस्थेच्या काउंटरवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर अजून ऐकू येते. कार्बन लावलेल्या तीन पानी बिलावर ठोकून छापायचे तर लेझर किंवा इंकजेट उपयोगाचा नाही, म्हणून हा प्रकार बाजारात टिकून आहे. यातले पॅरलल पोर्टचे (एका वेळी आठ बिट आठ तारांवरून नेणाऱ्या जोडणीचे) जुने मॉडेल हाताशी असेल, तर हार्डवेअरशी थेट बोलणारा सी प्रोग्रॅम लिहायला शिकण्यासाठी त्याच्यासारखे साधन नाही. एलईडी पेटवून दाखवणारे प्रयोग पुष्कळ आहेत, पण एलईडी उलट काही बोलत नाही. प्रिंटर बोलतो: थांब, कागद संपला, मी तयार आहे. त्याचे हे बोलणे ऐकायला शिकणे हाच या लेखाचा विषय. छापणे त्यातून आपोआप येते.

काय जमवावे लागेल

मागच्या बाजूला पंचवीस छिद्रांचे कनेक्टर असलेला जुना डेस्कटॉप, प्रिंटरची केबल आणि साधा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. एप्सनची एलएक्स मालिका, टीव्हीएसचे एमएसपी किंवा तसाच एखादा. कनेक्टरला छिद्रांऐवजी पिना असतील तर तो सिरियल पोर्ट, त्याच्या वाटेला जाऊ नका. बाहेर कनेक्टर दिसत नसला तरी बऱ्याच मदरबोर्डांवर एलपीटी (म्हणजे पॅरलल पोर्ट) असे लिहिलेली दोन ओळींची पिनांची जागा असते. तिला लावायची पट्टी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून बघा.

दोन गोष्टी मात्र चालणार नाहीत. पहिली, यूएसबीला लावायची पॅरलल केबल. तिच्यातून छापता येते, पण संगणकाला ती यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते. तिला पोर्टचा पत्ताच नसतो, त्यामुळे इथले काहीही तिच्यावर चालत नाही. दुसरी, रास्पबेरी पाय. त्याचा एआरएम प्रोसेसर इंटेलसारखा वेगळा इनपुट-आउटपुट पत्ता-विस्तार ठेवतच नाही.

प्रिंटरही साधाच हवा. जो नुसते अक्षरांचे कोड पाठवले की छापतो असा. काही स्वस्त लेझर आणि इंकजेट पूर्ण पानाचे चित्र संगणकाकडून तयार करून मागतात. त्यांना ६५ हा आकडा पाठवला तर 'ए' छापून येणार नाही.

केबल लावताना आणि काढताना दोन्ही यंत्रे बंद ठेवा. पॅरलल पोर्ट चालू स्थितीत जोडण्यासाठी बनवलेला नाही आणि तो जळला तर बहुतेक वेळा मदरबोर्डच बदलावा लागतो. संगणकाच्या बायोस सेटिंगमध्ये (संगणक चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एलपीटीचा मोड ईसीपी (नंतरची वेगवान पद्धत) असेल तर तो नॉर्मल किंवा एसपीपी (साधी मूळ पद्धत) करून घ्या.

तीन पत्ते, सतरा तारा

सेंट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीने १९७० साली आपल्या १०१ या प्रिंटरबरोबर जी जोडणी आणली, तीच पुढे सगळ्यांनी उचलली. १९८१ च्या आयबीएम पीसीने संगणकाच्या बाजूला ३६ पिनांऐवजी २५ पिनांचे कनेक्टर घेतले, प्रिंटरच्या बाजूला मात्र जुनेच राहिले. म्हणून केबलची दोन टोके वेगळी दिसतात. पुढे १९९४ मध्ये आयईईई १२८४ हे प्रमाण आले, त्यातल्या 'कंपॅटिबिलिटी' मोडमध्ये हीच मूळ पद्धत कायम आहे.

प्रोग्रॅमच्या दृष्टीने सगळा पोर्ट म्हणजे लागोपाठचे तीन पत्ते. पुस्तकांत ते हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) दिलेले असतात, पण कंपायलरला दशमान आकडा दिला तरी चालतो आणि नवख्या माणसाला बेरीज-वजाबाकी सोपी जाते, म्हणून इथे सगळे दशमानात. पहिल्या पोर्टचा पत्ता बहुतेक यंत्रांवर ८८८ असतो. काहींवर ६३२ किंवा ९५६ निघतो. लिनक्सवर प्रॉक फोल्डरमधली आयओपोर्ट्स ही फाइल रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून उघडली की खरा आकडा कळतो, तिथे तो हेक्समध्ये ०३७८ असा दिसेल. वेगळे पीसीआय कार्ड असेल तर पत्ता चार-पाच अंकी मोठा असतो. तो पाठ करायचा नाही, तिथूनच वाचून घ्यायचा.

८८८ हे डेटा रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायची जागा. इथे जो बाइट लिहाल त्याचे आठ बिट पिन २ ते ९ वर जसेच्या तसे उभे राहतात. एवढे सरळ पुढे काही नाही.

८८९ हे स्टेटस रजिस्टर, फक्त वाचायचे. त्यातल्या पाच बिटांना अर्थ आहे. १२८ किमतीचा बिट बिझीचा, पण उलटा: प्रिंटर गुंतलेला असताना तो ० आणि मोकळा असताना १. कारण पोर्टवरच्या सर्किटमध्ये ही एक तार उलटवून घेतली आहे. ६४ चा बिट अ‍ॅकनॉलेजचा, म्हणजे बाइट मिळाल्याची पोच. ती देताना प्रिंटर ही तार काही मायक्रोसेकंद खाली ओढतो. ३२ चा बिट १ झाला की कागद संपला. १६ चा बिट प्रिंटर ऑनलाइन असल्याचा. ८ चा बिट त्रुटीचा, आणि इथे ० म्हणजे त्रुटी आहे. उरलेल्या खालच्या तीन बिटांवर विसंबू नका. कुठल्या मदरबोर्डवर ते ० येतात, कुठल्या १.

८९० हे कंट्रोल रजिस्टर. १ चा बिट स्ट्रोबचा (प्रिंटरला 'डेटा उचल' असा इशारा), २ चा ऑटो लाइनफीडचा (कागद आपोआप एक ओळ सरकवणे), ४ चा इनिशियलाइझचा (रीसेट), ८ चा सिलेक्टचा (प्रिंटर निवडणे). यातला ४ चा बिट सोडला तर बाकी तीन तारा उलट्या आहेत. या उलटसुलट हिशेबातच नवशिक्यांची संध्याकाळ जाते, म्हणून तो एकदाच करून टाकू आणि पुढे तीनच आकडे वापरू. १२ म्हणजे शांत स्थिती: प्रिंटर निवडलेला, रीसेट नाही, स्ट्रोब नाही. १३ म्हणजे तेच, पण स्ट्रोब चालू. ८ म्हणजे रीसेटची तार खाली ओढलेली. या तिन्ही आकड्यांत ३२ चा बिट शून्य आहे हे लक्षात असू द्या. दुतर्फा पोर्टांवर तो १ झाला तर डेटाच्या तारा बाहेर पाठवण्याऐवजी आत वाचू लागतात आणि कागदावर कचरा येतो.

लिनक्सला बाजूला करणे

इंटेल पद्धतीच्या संगणकावर, ३२ किंवा ६४ बिट कुठल्याही लिनक्सवर, जीसीसी या कंपायलरने हे काम होते. आधी लिनक्सचा स्वतःचा प्रिंटर ड्रायव्हर काढून ठेवा. टर्मिनलवर रूट होऊन मॉडप्रोब ही आज्ञा, तिच्यापुढे वजा आर आणि ड्रायव्हरचे नाव एलपी. हे केले नाही तर छपाईची रांग आणि तुमचा प्रोग्रॅम एकाच पोर्टवर एकदम लिहू शकतात.

प्रोग्रॅममध्ये सिस फोल्डरमधली आयओ डॉट एच ही हेडर फाइल घ्या. तिच्यात आउटबी, इनबी आणि आयओपर्म ही तीन फंक्शने मिळतात. इथे नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संपादकात ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायची आणि आकडेही इंग्रजीच. सुरुवातीची ओळ अशी:

आयओपर्म(८८८, ३, १)

म्हणजे ८८८ पासून तीन पत्त्यांना हात लावायची परवानगी. उत्तर ० आले तरच पुढे जा. ही परवानगी न घेता आउटबी वापरले की सेग्मेंटेशन फॉल्ट होऊन प्रोग्रॅम जागीच संपतो. परवानगी फक्त रूटला मिळते, त्यामुळे प्रोग्रॅम सुडोने चालवा. सुडो लावूनही नकार येत असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू आहे का बघा. त्या स्थितीत नवे कर्नल (लिनक्सचा गाभा) रूटलाही थेट पोर्टवर जाऊ देत नाही.

आणखी एक सापळा इथेच आहे. लिनक्सच्या आउटबीमध्ये आधी किंमत, मग पत्ता. टर्बो सीच्या आउटपोर्टबीमध्ये आधी पत्ता, मग किंमत. जुन्या पुस्तकातला प्रोग्रॅम नुसता नाव बदलून लिनक्सवर आणला तर कंपायलर चकार शब्द काढत नाही आणि भलत्याच पोर्टवर लिहायचा प्रयत्न होतो.

आधी फक्त ऐका

पहिला प्रोग्रॅम काही छापणारा नको. परवानगी घ्या, ८८९ वाचा, २४८ शी बिटवार 'अँड' करून बेभरवशाचे तीन बिट पुसा आणि आकडा पडद्यावर दाखवा. दर अर्ध्या सेकंदाला. मग प्रिंटरशी खेळा.

प्रिंटर चालू, कागद लावलेला, ऑनलाइन: २१६ दिसायला हवे. ही १२८, ६४, १६ आणि ८ यांची बेरीज. ऑनलाइनचे बटण दाबून प्रिंटर बाजूला काढा, १२८ जाईल, बहुधा १६ ही जाईल. कागद काढा, ३२ येईल. केबल लावलेलीच नसेल तर बहुतेक यंत्रांवर १२० दिसते, कारण मोकळ्या तारा वर ओढलेल्या असतात. म्हणूनच काही जुने प्रोग्रॅम केबल निघालेली असताना 'कागद संपला' म्हणून ओरडत असत. आणि २४८ येत असेल तर त्या पत्त्यावर पोर्टच नाही, पत्ता पुन्हा तपासा.

हा भाग घाईने उरकू नका. प्रिंटर छापत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या निम्म्या जणांनी हा आकडा पाहिलेलाच नसतो.

एक अक्षर

आता लिहिणे. प्रथम रीसेट: ८९० वर ८ लिहा, किमान ५० मायक्रोसेकंद थांबा, मग १२ लिहा. प्रिंटरचे हेड डावीकडे सरकून जागेवर येते. त्याला सेकंद-दोन सेकंद द्या.

बाइट पाठवण्याचा क्रम एसटीच्या कंडक्टरसारखा आहे. आधी प्रवासी चढू द्यायचे, मग बेल मारायची. डेटा तारांवर स्थिर होऊन किमान अर्धा मायक्रोसेकंद झाला की स्ट्रोब द्यायचा, तो किमान अर्धा मायक्रोसेकंद ठेवायचा आणि काढल्यावरही डेटा तेवढाच वेळ हलवायचा नाही. त्याआधी बिझी पाहायचे. आराखडा असा:

बाइट_पाठव(ब)
जोवर ((इनबी(८८९) & १२८) == ०) तोवर थांब; ३० सेकंद झाले तर त्रुटी परत दे
आउटबी(ब, ८८८)
यूस्लीप(१)
आउटबी(१३, ८९०)
यूस्लीप(१)
आउटबी(१२, ८९०)
यूस्लीप(१)

वरच्या ओळीतले आतले कंस गाळू नका. सी भाषेत 'अँड'च्या चिन्हापेक्षा बरोबरीच्या चिन्हाला अग्रक्रम आहे. कंस नसले तर आधी १२८ आणि ० यांची तुलना होते, ती खोटी ठरते आणि लूप प्रिंटरची वाट एकदाही पाहत नाही. असा प्रोग्रॅम पहिल्या काही ओळी बिनचूक छापतो. प्रिंटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जागा असते तोवर त्याला काही होत नाही. बफर भरला की मग मधलीच अक्षरे गळू लागतात आणि माणूस केबल बदलत बसतो.

वेळेची मर्यादाही हवीच. प्रिंटर ऑफलाइन असला किंवा कागद संपला तरी तो बिझीची तार वर धरून बसतो. मर्यादा नसली तर प्रोग्रॅम अनंतकाळ वाट बघेल आणि एक सीपीयू कोअर पूर्ण तापेल. लूपमध्येच ३२ चा बिट तपासून 'कागद घाला' असे सांगितले तर वापरणाऱ्याचा दुवा मिळेल. मर्यादा अगदी एक-दोन सेकंदांचीही नको, भरलेला बफर रिकामा व्हायला प्रिंटरला त्याहून जास्त लागतात.

यूस्लीप(१) लिहिले तरी लिनक्स एक मायक्रोसेकंदात परत येत नाही, पन्नासएक तरी घेतो. तरी सेकंदाला काही हजार बाइट जातात आणि डॉट मॅट्रिक्सला तेवढे पुष्कळ झाले. काही जण त्याऐवजी आउटबी-अंडरस्कोर-पी हे फंक्शन सुचवतात. ते लिहून झाल्यावर पोर्ट १२८ वर एक फुकटचे लेखन करून थोडा वेळ घालवते. त्या १२८ ची परवानगीही आयओपर्मने घेतली नसेल तर पुन्हा सेग्मेंटेशन फॉल्ट.

आता मुख्य प्रोग्रॅममधून ६५ पाठवा. काहीच छापले नाही? घाबरू नका. बहुतेक प्रिंटर ओळ पूर्ण होईपर्यंत अक्षरे साठवतात. पाठोपाठ १३ आणि १० पाठवा. १३ ने हेड ओळीच्या सुरुवातीला जाते, १० ने कागद एक ओळ वर सरकतो. फक्त १० पाठवले तर बऱ्याच प्रिंटरांवर पुढची ओळ जिन्यासारखी उजवीकडे उतरते. प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येत असेल तर प्रिंटरचे ऑटो लाइनफीड चालू आहे, ते बंद करा. १२ पाठवले की पूर्ण पान बाहेर. हा १२ डेटाच्या पत्त्यावरचा, कंट्रोलचा १२ वेगळा.

आज्ञा देणे

एप्सनची ईएससी/पी ही आज्ञांची भाषा भारतातले जवळपास सगळे डॉट मॅट्रिक्स समजतात. आज्ञा २७ या बाइटने सुरू होते. २७, ६४ पाठवले की सगळ्या सेटिंग मूळपदावर. प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात याने करावी, नाहीतर आधीच्या कोणाचे बारीक अक्षर तुमच्या पानावर येते. २७, ६९ ने ठळक अक्षर सुरू आणि २७, ७० ने बंद. नुसत्या १५ ने दाटीची बारीक अक्षरे, म्हणजे ८० रकान्यांच्या कागदावर १३० च्या आसपास रकाने बसतात, आणि १८ ने ती रद्द. १४ ने त्या एका ओळीपुरती दुप्पट रुंद अक्षरे, दुकानाच्या नावासाठी.

पावती अर्ध्या पानाची असेल तर २७, ६७ आणि त्यापुढे ओळींची संख्या पाठवा, मग १२ तेवढाच कागद सोडेल. बिलांच्या प्रोग्रॅममध्ये ही एक आज्ञा विसरल्यामुळे कागद वाया जाताना कितीतरी दुकानांत दिसतो.

देवनागरी: आठ सुयांची चित्रकला

साध्या प्रिंटरच्या रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) देवनागरी नसते. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड लावून मराठी पडद्यावर आणि कागदावर आणली जाई. आपण एक अक्षर हाताने काढू. मराठी माणसाला पोर्ट प्रोग्रॅमिंगची खरी चव इथेच कळते, निदान माझे मत तसे आहे.

२७, ७५, मग रकान्यांची संख्या दोन बाइटांत, आणि त्यानंतर तेवढे बाइट. ७५ म्हणजे इंचाला ६० ठिपक्यांचे ग्राफिक. प्रत्येक बाइट म्हणजे एक उभा रकाना: सर्वांत वरची सुई १२८, तिच्याखाली ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि तळाची १. शिरोरेषा वरच्या सुईवर ठेवली तर प्रत्येक रकान्यात १२८ येणारच. पूर्ण उभी रेघ म्हणजे २५५.

'न' असा होतो: १२८, १४०, १४०, १३६, १३६, १३६, २५५, १२८. डावीकडची गाठ १४० च्या दोन रकान्यांत (१२८ + ८ + ४), तिथून निघालेली आडवी रेघ १३६ मध्ये (१२८ + ८), मग उभी रेघ. पुढे १२८, २५५, १२८ जोडले की काना लागून 'ना' झाला. एकूण रकाने अकरा, म्हणून पूर्ण आज्ञा २७, ७५, ११, ०, त्यापुढे हे अकरा बाइट आणि शेवटी १३, १०. नऊ सुयांच्या हेडवर अक्षराची उंची आठ बहात्तरांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरला थोडी कमी. काळजीपूर्वक पाहिले तर वाचता येते.

इथे एक शून्य आले, ते नीट पाहा. ज्यांनी पाठवण्याचे फंक्शन 'शून्य आले की वाक्य संपले' या सीच्या नेहमीच्या रिवाजाने लिहिले असेल, त्यांची आज्ञा मधेच तुटेल. प्रिंटर बाकीच्या बाइटांची वाट बघत राहील आणि पुढचा मजकूर ठिपक्यांच्या रूपात छापेल. ग्राफिकचे बाइट अ‍ॅरेमध्ये ठेवा आणि लांबी वेगळी द्या.

वेलांटी, रफार, उकार यांना आठ सुया पुरत नाहीत. मग एक पट्टी मात्रांची, तिच्याखाली एक अक्षरांची, गरज पडली तर आणखी एक उकारांची. पट्ट्यांच्या मध्ये फट पडू नये म्हणून ओळीचे अंतर नेमके आठ सुयांइतके करावे लागते: २७, ५१, २४. नऊ सुयांच्या प्रिंटरवर हा २४ म्हणजे २४/२१६ इंच. चोवीस सुयांच्या एलक्यू मालिकेवर एकक १/१८० इंच आहे, तिथे हाच आकडा २४/१८० इंच धरला जातो. काम झाले की २७, ५० ने नेहमीचे एक षष्ठांश इंचाचे अंतर परत आणा.

पाठवलेले आणि पोचलेले यांत तफावत वाटली तर एप्सनच्या एलएक्स मालिकेत छान सोय आहे. एलएफ/एफएफ आणि लोड/इजेक्ट ही दोन बटणे दाबून धरून प्रिंटर चालू करा. तो हेक्स डंपमध्ये जातो आणि मिळालेला प्रत्येक बाइट आकड्यांत छापतो. कुठला बाइट गळला ते कागदावरच दिसते.

डॉस आणि विंडोजवाल्यांसाठी

खऱ्या यंत्रावर फ्रीडॉस बूट करून टर्बो सी वापरत असाल तर डॉस डॉट एच मधली आउटपोर्टबी आणि इनपोर्टबी घ्या. परवानगी वगैरे काही नाही. पोर्टचा पत्ता पीक(६४, ८) मधून मिळतो, बायोस तो तिथे लिहून ठेवते. मात्र बऱ्याच कॉलेजांत टर्बो सी साध्या डॉसबॉक्सच्या (डॉसचा आभास देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत चालतो. तिथून खऱ्या पोर्टपर्यंत वाट नाही, प्रोग्रॅम बरोबर असूनही प्रिंटर ढिम्म राहतो. विंडोज एनटी आणि त्यानंतरच्या सगळ्या आवृत्त्यांत साधा प्रोग्रॅम पोर्टला हात लावू शकत नाही. इनपआउट३२ सारखा कर्नल ड्रायव्हर मध्ये घ्यावा लागतो.

दुकानात रोज चालणारे बिलिंग मात्र असे थेट पोर्टवर लिहू नका. त्यासाठी लिनक्समध्ये पीपीडेव्ह हा ड्रायव्हर आहे. डेव्ह फोल्डरमधली पारपोर्ट० ही फाइल उघडायची, पोर्ट ताब्यात घ्यायचा, डेटा, स्टेटस आणि कंट्रोल हीच तीन रजिस्टरे आयओसीटीएल या फंक्शनने हाताळायची आणि शेवटी पोर्ट सोडायचा. तिथे उलट्या तारांचे गणित हेच राहते, पण रूट लागत नाही, त्या फाइलवर परवानगी असली की पुरे. पीसीआय कार्डाचा विचित्र पत्ताही माहीत असावा लागत नाही.

प्रयोग संपले की ८९० वर १२ लिहून मगच बाहेर पडा आणि मॉडप्रोब एलपी चालवून ड्रायव्हर परत बसवा, म्हणजे नेहमीची छपाई पूर्ववत सुरू होईल.